एव्हरेस्टचा परवाना: नेपाळ की तिबेट?

नेपाळकडून वसंतातल्या परवान्याचे परदेशी गिर्यारोहकाला, म्हणजे आपल्यालाही, माणशी १५,००० डॉलर पडतात. सप्टेंबर २०२५ आधी ११,००० होते. शरदात निम्मे. बेस कॅम्पच्या वर लागणाऱ्या खुंबूच्या हिमप्रपातातल्या, म्हणजे भेगाळलेल्या, सरकत्या बर्फाच्या उतारावरच्या, शिड्या-दोरांचे वेगळे. वर सरकारने पथकाला नेमून दिलेल्या संपर्क अधिकाऱ्याचा खर्च आपल्याच माथी, मग तो बेस कॅम्पला फिरको न फिरको! पण पैसे मोजले की कागद सहसा हातात पडतो.

तिबेटकडून थेट बेस कॅम्पपर्यंत गाडी जाते, खुंबूचीही धास्ती नाही. गोची आहे ती परवानगीचीच. २००८च्या वसंतात ऑलिंपिक ज्योत शिखरावर नेण्यापायी ही बाजू बंद. २०२० पासून वसंतातले चार हंगाम परदेशी पथकांना मज्जाव. २०२४ला दार उघडलं, तरी मे उजाडेपर्यंत पथकं काठमांडूतच ताटकळली, आणि शिखराचा हंगाम मेअखेर आटोपतो. कर्ज काढून जाणाऱ्याने नेपाळच धरावं.