मेंदूच्या झटक्यावर व्हिडिओ कॉलने उपचार : कणकवलीतला आमचा अनुभव

तालुक्याच्या गावात न्यूरोलॉजिस्ट (मेंदूविकारतज्ज्ञ) नसला तरी झटक्यावरचं इंजेक्शन वेळेत मिळतं, हे या रुग्णालयात पाहिलं म्हणून मुद्दाम लिहिते आहे. कणकवलीहून फोंडा घाटाने कोल्हापूर गाठा नाहीतर गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय, दोन-अडीच तास जातातच. आणि मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं हे इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं. त्यातही जितका उशीर, तितका उपयोग कमी.

आप्पांचं तोंड वाकडं झालं, हातातला कप निसटला. ‘आधी झाडपाल्यावाल्याकडे न्या’ म्हणणारे शेजारी होतेच, पण वहिनीने थेट गाडी काढायला लावली. कॅज्युअल्टीत साखर, बीपी बघून लगेच सीटी स्कॅन. मेंदूत रक्तस्राव असताना हे इंजेक्शन दिलं तर जिवावर बेततं, म्हणून स्कॅनशिवाय कुणी हात लावत नाही.

पुण्याच्या न्यूरोलॉजिस्ट बाईंनी तो स्कॅन तिथे बसून पाहिला. व्हिडिओ कॉलवर टॅबलेटच्या पडद्यावर दिसल्या दिसल्या त्यांनी आम्हाला विचारलं, “शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत? अंदाज नको, वेळ सांगा.” सातच्या बातम्या लागल्या तेव्हा आप्पा नीट बोलत होते, हे वहिनीला पक्कं आठवलं. मग दोन्ही हात वर धरायला लावले. उजवा हळूहळू खाली आला. आप्पांना त्यांचं बोलणं उमजेना, तेव्हा सिस्टर मालवणीत समजावत होती. त्या सिस्टरला पैकीच्या पैकी गुण. डोस वजनावर ठरतो, म्हणून आप्पांना उचलून काट्यावर घेतलं. थोडं औषध एकदम, उरलेलं तासभर सलाईनसारखं.

तक्रार एकच, पण मोठी. संमतीपत्रावर दादाची सही हवी होती आणि नेमकं तेव्हाच त्याला ॲडव्हान्स भरायला खिडकीवर बोलावलं. पैसे कुठे पळून जात होते? बिलही जड आहे. हिमाचलात सरकारी रुग्णालयांतले डॉक्टर २०१४ पासून स्मार्टफोनवर न्यूरोलॉजिस्टचा सल्ला घेऊन हेच इंजेक्शन मोफत देतात. आपल्या उपजिल्हा रुग्णालयांत ते व्हायलाच हवं.

आप्पांचा हात आता उचलतो, शब्द अजून अडखळतात. फिजिओथेरपी चालू आहे.

कुणावर वेळ आलीच तर निघताना रुग्णालयात फोन करा, म्हणजे सीटीचा टेक्निशियन तयार राहतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर पाकीट सोबत न्या, डॉक्टर ते विचारतातच.