जावा ८ ची सगळ्या लॉगिनसाठीची सेटिंग : पाचपैकी साडेतीन

अहमदपूरला तहसीलजवळ माझं सेंटर आहे. पाच पीसी, आणि नेहमीच्या गुत्तेदारांना वेगवेगळं विंडोज लॉगिन. ई-टेंडरवर डिजिटल सही करायची तर सहीचा प्रोग्राम चालवायला आमच्याकडं अजून जावा ८ हे जुनं सॉफ्टवेअर लागतं. नवा माणूस आला की त्याच्या लॉगिनमध्ये जावा कंट्रोल पॅनल उघडा, सिक्युरिटीत जा, पोर्टलचा पत्ता एक्सेप्शन साइट लिस्टमध्ये, म्हणजे ‘या साइटला चालू दे’ अशा यादीत, टाका. तोच माणूस उद्या दुसऱ्या पीसीवर बसला की पुन्हा तेच. शेवटी एकदाच सगळ्यांना लागू होईल अशी सेटिंग केली.

विंडोज फोल्डरात सन, त्यात जावा, त्यात डिप्लॉयमेंट, असे फोल्डर आपणच करायचे. आत डिप्लॉयमेंट डॉट कॉन्फिग नावाची दोन ओळींची फाइल. ती नुसतं खरी सेटिंगची फाइल कुठं आहे ते सांगते. खरा माल डिप्लॉयमेंट डॉट प्रॉपर्टीजमध्ये. माझा पहिला तास नोटपॅडनं खाल्ला. फाइलीच्या मागं त्यानं गुपचूप डॉट टीएक्सटी चिकटवलं होतं, आणि फाइल सापडली नाही म्हणून जावानं साधी कुरकुरही केली नाही.

आवडलं ते कुलूप. सेटिंगची नुसती व्हॅल्यू लिहिली तर ज्यानं आधी स्वतःचं काही बदललंय त्याचं तसंच राहतं. पण सेटिंगच्या नावापुढं डॉट लॉक्ड लावून एक ओळ वाढवली की कोणाचं बोट चालत नाही. ‘जावा जुनं झालंय’ ही कटकटही एका ओळीत गेली.

दीड तारा कापला तो कॉन्फिगमधल्या मँडेटरीसाठी, म्हणजे ‘प्रॉपर्टीजची फाइल सापडलीच पाहिजे’ या ओळीसाठी. मी हौसेनं ट्रू केलं आणि प्रॉपर्टीजची फाइल मेन पीसीच्या शेअर फोल्डरात ठेवली. दुपारी लाइट गेली. मेन पीसी इन्व्हर्टरवर नव्हता, बाकीचे होते. फाइल मिळेना, आणि मँडेटरी असताना फाइल मिळाली नाही तर जावा काहीच चालू देत नाही. चारही पीसीवर सही बंद.

“भाऊ, काहून बंद पडलं? पाचला टेंडर बंद होतंय!”

ओरडणाऱ्या गुत्तेदाराला चहा सांगितला, मँडेटरी फॉल्स केलं, पोर्टलचे पत्ते हातानं टाकले. पावणेपाचला टेंडर गेलं.

आता फाइल प्रत्येक पीसीच्या सी ड्राइव्हलाच आहे. बदल झाला की पेनड्राइव्ह घेऊन पाचदा उठतो. आणि हे फक्त जावा ८ पुरतं बरं का. २०१८ च्या जावा ११ मधून वेब स्टार्ट (वेबसाइटवरून जावाचे प्रोग्राम चालवायची सोय) आणि हे कंट्रोल पॅनल दोन्ही काढून टाकलंय, तिथं या फाइली शोधत बसू नका.