तयार डिलिव्हरी किट, जळगाव : काय ठेवावं, काय काढावं
किटमधली बांधायची झबली उत्तम. पुढून उघडतात, नाळेला घासत नाहीत. लंगोट मात्र सहाच. दिवसाला दहा-बारा सहज लागतात, दोन डझन घ्याच. नव्या कापडाला खळ असते, दोनदा धुऊन कडक उन्हात वाळवा. फरचं ब्लँकेट कशाला? मे महिन्यात खान्देशात पारा ४४-४५ वर असताना बाळाला घामोळं येतं. जुन्या सुती लुगड्याचं दुपटं कितीतरी सरस. पॅड नेहमीचेच दिलेत, पहिले दोन दिवस पुरत नाहीत. मॅटर्निटी पॅड वेगळे घ्या. दुधाची बाटली, ग्राइप वॉटर काढूनच टाका. सहा महिने फक्त आईचं दूध. कागदांसाठी कप्पा नाही, म्हणून आधारकार्ड आणि माता-बाल संरक्षण कार्ड वेगळ्या प्लास्टिक पिशवीत, सगळ्यात वर.