कॅलिस्टोगा: आठ महिन्यांत पाच फेऱ्या केल्यानंतर

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या नापा व्हॅलीच्या उत्तर टोकाचं हे जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून एका दिवसात चिखलस्नान आणि वाईन दोन्ही उरकायचं असेल तर उरकतं, पण क्रम चुकवू नका. सकाळी चिखल, मग भरपूर पाणी आणि जेवण, वाईन दुपारनंतर. उलटं केलंत तर घेरी ठरलेली: घामाने अंगातलं पाणी जातं, उष्णतेने रक्तदाब उतरतो आणि वर पोटात दारू.

वज्रेश्वरी-गणेशपुरीसारखं कुंडात थेट उतरता येईल, असं समजून जाऊ नका. इथलं गरम पाणी रिसॉर्टच्या टाक्यांत आणि तलावांत आहे. काही तलाव फक्त मुक्कामाच्या पाहुण्यांना. चिखलाची वेळ आधी ठरवावी लागते. शनिवार-रविवारी ऐनवेळी मिळणं कठीण. मंगळवार-बुधवार उत्तम.

चिखल म्हणजे ज्वालामुखीची राख आणि झऱ्याचं गरम पाणी. इंडियन स्प्रिंग्ज या रिसॉर्टमध्ये निव्वळ राख असते, डॉ. विल्किन्सन्स या दुसऱ्या रिसॉर्टमध्ये पीटही (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) मिसळतात, त्यामुळे अंगाला काड्याकुड्या लागतात. दोन्हीकडे माणूस बुडत नाही, तरंगतो. टाकीच्या काठावर बसून आधी पाठ टेकवा आणि हळूहळू दाबून घ्या. बाकीचा चिखल सेवक अंगावर ओढतो. तळाशी जास्त गरम लागतं, टाचा खाली खुपसू नका. चिखल साधारण ३८ ते ४० अंश सेल्सिअस, वेळ १०-१२ मिनिटं. छातीत धडधड वाढली तर लगेच सांगा, हात आधी बाहेर काढा. मग शॉवर, खनिज पाण्याचा टब, वाफ आणि शेवटी चादरीत गुंडाळून पडणं. हे शेवटचं टाळून उठलात तर चक्कर येऊ शकते. गरोदर स्त्रिया, हृदयविकार किंवा रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये.

जोडवी, पैंजण, चांदीची साखळी घरी ठेवा. गंधकाने काळी पडतात. आदल्या रात्री दाढी किंवा वॅक्सिंग केलं असेल तर चिखल झोंबतो. फिका पोहण्याचा पोशाख नको, आणि नखांतली राख दोन दिवस निघत नाही.

वाईनसाठी गावाजवळच शातो माँतलेना ही वायनरी, म्हणजे वाईन बनवण्याचं ठिकाण आहे. १९७६ च्या पॅरिसमधल्या आंधळ्या चाखणीत (बाटलीवरचं नाव झाकून) पांढऱ्या वाईनमध्ये यांचीच १९७३ ची शार्डोने पहिली आली होती. श्रॅम्सबर्ग ही डोंगरातली वायनरी बुडबुड्यांच्या वाईनसाठी. तळघरं थंड, तेव्हा जॅकेट हवं. दोन वायनरी पुरे, तिसरीत जिभेला चव कळत नाही. चाखणीचा दर माणशी चाळीस डॉलरच्या वरच धरा. घोट तोंडात फिरवून भांड्यात थुंकणं इथे शिष्टसंमत आहे, लाजू नका. आणि गाडी चालवणारा पूर्ण कोरडाच हवा.

ओल्ड फेथफुल गीझर, म्हणजे जमिनीतून उसळणारा गरम पाण्याचा फवारा? मुलं सोबत असतील तर ठीक. फवारा बहुधा अर्ध्या तासाच्या आत येतो, पण यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या याच नावाच्या गीझरशी तुलना केलीत तर तिकिटाचे पैसे टोचतील.

जाताना महामार्ग २९ सेंट हेलेनापाशी तुंबतो. सिल्वराडो ट्रेल हा रस्ता धरा, तो थेट गावात आणतो. गाडी एकदा लावली की लिंकन ॲव्हेन्यू हा गावातला मुख्य रस्ता पायी होतो. साखळी रेस्टॉरंटना गावात मनाई असल्याने ओळखीचं पिझ्झा-बर्गर शोधू नका. उन्हाळ्यात दुपारी पस्तीस अंशांवर जातं, रात्री गारठा. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षतोडणी पाहायला मिळते, पण वणव्याचा हंगामही तोच. खोली घेताना रद्द केल्यास पैसे परत मिळतात का, ते आधी वाचा.