कॅमेका आयएमएस १२८०-एचआर: युरेनियमच्या कणांसाठी पैसे वसूल होतात का?

सिम्स म्हणजे आयनांचा बीम मारून नमुन्यातले अणू उडवायचे आणि वजनानुसार वेगळे करून मोजायचे हे तंत्र, आणि कॅमेकाचं १२८०-एचआर हे त्यातलं मोठं मशीन. सिम्सवाल्यांच्या गप्पांत हा प्रश्न सारखा निघतो म्हणून जरा सविस्तर लिहितेय, पण फक्त युरेनियमच्या बारीक कणांपुरतं, झिरकॉन या खनिजाचं वय काढणाऱ्यांचा हिशोब वेगळा.

आधी काम काय ते सांगते. आयएईएचे (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे) इन्स्पेक्टर अणुकेंद्रांत जाऊन १० बाय १० सेंमीच्या सुती फडक्याने टेबलं, भिंती, मशिनी पुसून आणतात, १९९६ पासून हे चालू आहे. मग त्या फडक्यावरची धूळ ग्लासी कार्बनच्या चकतीवर घ्यायची, त्यातून मायक्रॉनभर आकाराचा युरेनियमचा कण शोधायचा आणि त्यातल्या २३५ आणि २३८ या आयसोटोपांचं (वेगवेगळ्या वजनाच्या युरेनियम अणूंचं) प्रमाण काढायचं. निसर्गात २३५ असतं ०.७२ टक्के. २००३ साली इराणमध्ये नतांझच्या नमुन्यांत हायली एनरिच्ड (२३५ चं प्रमाण खूप वाढवलेले) कण निघाले होते, आणि त्यातले बहुतेक बाहेरून आणलेल्या सेंट्रिफ्यूजच्या (युरेनियम एनरिच करणाऱ्या यंत्रांच्या) पार्टांबरोबर आलेले असावेत या म्हणण्याला नंतरच्या तपासणीत पुष्टी मिळाली. एवढं सगळं एका कणावर ठरतं, त्यामुळे आकडा चुकून चालतच नाही.

आणि आकडा चुकवणारी खरी मंडळी म्हणजे शिसं आणि ॲल्युमिनियम. धुळीत दोन्ही असतातच, शिसं २०८ आणि ॲल्युमिनियम २७ एकत्र आले की वजन होतं २३५, तसंच शिसं २०६ आणि सिलिकॉन २८ मिळून २३४. हे वेगळं करायला मास रिझोल्युशन (जवळजवळ सारख्या वजनांतला फरक ओळखण्याची क्षमता) ३००० च्या आसपास लागतं. ते लहान सिम्सवरही मिळतं, पण स्लिट (आयन जाण्याच्या फटी) इतक्या बारीक कराव्या लागतात की सिग्नलच मरतो. १२८० चा मॅग्नेट ५८५ मिमी त्रिज्येचा आहे, लहान मशिनींचा १२७, त्यामुळे इथे सिग्नल फारसा न गमावता शिशाची भानगड मिटते. माझ्या मते मशीन घ्यायचं मुख्य कारण हेच.

सिग्नल वाचवणं का महत्त्वाचं ते बघा. नैसर्गिक युरेनियमच्या १ मायक्रॉन ऑक्साइड कणात अणू साधारण १३०० कोटी, पण त्यात २३४ चे फक्त सातेक लाख, आणि शंभरातला एखादाच डिटेक्टरपर्यंत पोचतो असं धरलं तर हातात सात हजार काउंट. शिवाय कण मोजता मोजता झिजून संपतो, दुसरा चान्स नाही. म्हणूनच सगळे आयसोटोप एकाच वेळी मोजणारा मल्टिकलेक्टर इथे चैन नाही, गरज आहे.

मशीनचं एपीएम (कण आपोआप शोधून मोजणारं) सॉफ्टवेअर मला मनापासून आवडतं. चकती आपोआप स्कॅन करून कण कुठे आहेत आणि प्रत्येकात अंदाजे एनरिचमेंट किती याची यादी काही तासांत हातात देतं, मग त्यातले संशयास्पद कण निवडून एकेक नीट मोजायचा. फिशन ट्रॅकच्या पद्धतीत आधी रिॲक्टरमध्ये इरॅडिएशन, मग कण सुईने उचलून टिम्सच्या (कण तापवून त्याचे आयन मोजणाऱ्या दुसऱ्या तंत्राच्या) फिलामेंटवर ठेवायचा, त्यात लागणारा वेळ ज्यांनी काढलाय त्यांना हे सुख कळेल.

आता कमी कुठे पडतं. २३६ हा फार बोलका आयसोटोप आहे, तो दिसला म्हणजे युरेनियम कधीतरी रिॲक्टरमधून गेलंय. पण २३५ ला एक हायड्रोजन चिकटला की तेही २३६ वरच येतं, आणि हे सोडवायला रिझोल्युशन लागेल ३८ हजारांच्या वर, म्हणजे कणाच्या कामात विषयच सोडा. मग २३९ वर २३८ चं हायड्राइड मोजून तेवढं वजा करावं लागतं, आणि कण हायली एनरिच्ड असला तर ही वजाबाकीच मोठी होऊन बसते. अशा कणांच्या २३६ साठी टिम्स अजूनही सरस वाटतं. दुसरं म्हणजे कण दाटीने बसले असतील तर बीम दोघातिघांना एकत्र उडवतो आणि सरासरी आकडा येतो, भारी एनरिचमेंटचा कण त्यात लपून जातो. त्यामुळे चकती विरळ बनवा, नाहीतर एसईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) कण वेगळे करून घ्या.

आयएईएने २०११ मध्ये हेच मॉडेल ऑस्ट्रियातल्या सायबर्सडॉर्फला बसवलं, आणि नियमित स्वाइप सॅम्पल येणाऱ्या लॅबला मीही हेच घ्या म्हणेन. मात्र क्लीन रूम आणि मशीनवर पूर्णवेळ बसणारा माणूस याची सोय आधी करा. वर्षाकाठी मोजकेच नमुने येत असतील तर मशीन घेण्यापेक्षा दुसऱ्या लॅबकडून वेळ घेतलेला बरा.