रुई ओळखायला १० पट भिंग: घेताना काय पाहावं, वापरताना काय चुकतं

सोनाराकडे असतं तसलं घडीचं, १० पट मोठं दाखवणारं भिंग रानातली रुई आणि तिच्या भाऊबंद वेली ओळखायला घ्यावं की नाही? घ्यावं. रुईच्या फुलाच्या मधोमध जे घडतं ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आणि कुळाची खरी ओळख तिथेच आहे. पण या भिंगाने हात डोळ्याजवळ जातो आणि रुईचा चीक हातावर असतो. ही गोष्ट विकणारा सांगत नाही, म्हणून खाली ती सविस्तर दिली आहे.

आधी खरेदी. शे-दोनशे रुपयांत मिळणाऱ्या भिंगांवर ‘३० पट’ असं कोरलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवू नये. खोलीतल्या खिडकीसमोरच्या भिंतीवर कोरा कागद धरा, भिंग त्याच्यापुढे मागेपुढे करा आणि खिडकीबाहेरच्या लांबच्या इमारतीची उलटी प्रतिमा कागदावर स्पष्ट उमटली की भिंग ते कागद हे अंतर पट्टीने मोजा. २५० मिलिमीटरला त्या अंतराने भागलं की खरी पट कळते. अंतर २५ मिलिमीटर आलं तर भिंग १० पटीचं, ४० आलं तर जेमतेम ६ पटीचं. त्यानंतर आलेखाच्या कागदावर भिंग धरून पाहा. कडेच्या रेघा वाकत असतील किंवा त्यांना निळी-तांबडी किनार दिसत असेल तर ती एकेरी काच आहे. तीन काचा चिकटवलेलं भिंग कित्येक पट महाग पडतं, पण पांढऱ्या फुलाच्या कडा त्यात स्वच्छ दिसतात. ज्याला वर्षभर वापरायचं आहे त्याने तेच घ्यावं. नागपूरच्या इतवारीत सराफ्याच्या आसपास सोनारकामाच्या हत्यारांची चौकशी करावी. तिथे हातात घेऊन पारखता येतं, ऑनलाइन मागवताना ते जमत नाही.

धरायची पद्धत बहुतेकांची चुकते. हात लांब करून फुलावर भिंग धरलं तर मधला इवलासा तुकडाच दिसतो. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, चष्मा असेल तर चष्म्याच्या काचेला, आणि फूल भिंगाकडे आणायचं. भिंगापासून साधारण अडीच सेंटिमीटरवर ते स्पष्ट होतं. ऊन खांद्यामागून यावं. भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नये, आणि एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ते उघडं ठेवू नये. डॅशबोर्ड जळायला वेळ लागत नाही.

आता रुई. नागपुरात ती शोधायला लांब जावं लागत नाही. ले-आउटमधले रिकामे प्लॉट, रुळांच्या कडा, गोरेवाडा आणि अंबाझरीकडच्या मुरमाड जागा, सगळीकडे आहे. दोन जाती आहेत आणि त्यांच्यातला पहिला फरक भिंगाविनाच कळतो. मोठ्या रुईच्या कळ्या लांबट, अंड्यासारख्या, आणि उमललेल्या पाकळ्या पसरट किंवा मागे वळलेल्या. लहान रुईच्या कळ्या गोल, फूल पेल्यासारखं, पाकळ्यांची टोकं गडद जांभळी. फुलाच्या पांढऱ्या रंगावरून जात ठरवू नये. लोक पांढऱ्या फुलाच्या झाडाला मांदार म्हणतात, पण मोठ्या रुईतच पांढरी आणि फिकी जांभळी अशी दोन्ही फुलं असतात.

भिंगाचं काम कळीनंतर सुरू होतं. फुलाच्या मध्यावर पाच मांसल भागांचा मुकुट असतो. मोठ्या रुईत हे भाग मधल्या स्तंभापेक्षा बुटके, लवदार, आणि शेंड्याच्या जरा खाली दोन्ही बाजूंना कानासारखे उंचवटे असलेले. लहान रुईत ते स्तंभाइतके किंवा थोडे उंच, बहुधा गुळगुळीत, आणि ते कान नसतात. मोठ्या रुईचं फूल तीन-चार सेंटिमीटर रुंद असतं, म्हणून ते अख्खं भिंगात मावत नाही. एकेक भाग फिरवत पाहावा लागतो. १० पटीची ही मर्यादाच आहे. २० पटीचं भिंग घेतलं तर ती आणखी जाचते आणि फूल जरा हललं तरी धूसर होतं, त्यामुळे रानात ते कामाचं नाही.

मधल्या पंचकोनी चकतीच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक काळपट ठिपका दिसेल. त्याच्या खाली उभी बारीक फट आहे. फटीत टाचणीचं टोक खालून घालून हळूच वर ओढलं की ठिपका सुटून टाचणीवर येतो आणि त्याला दोन पिवळ्या, मेणासारख्या थैल्या लोंबताना दिसतात. हे परागपुंज. एका फुलात पाच जोड्या. मोठा काळा भुंगा फुलावर बसला की त्याच्या पायाला नेमकं हेच अडकतं आणि पुढच्या फुलाकडे जातं. टाचणी आडवी घातली किंवा झटका दिला तर थैल्या तुटून आत राहतात. जोड्या सापडल्या नाहीत तर फूल जुनं असेल किंवा भुंग्याने आधीच नेलं असेल, दुसरं घ्या.

वेलींच्या बाबतीत याच थैल्या निर्णय देतात. उतरणीची पानं हृदयाकृती, केसाळ, फळं जोडीने आणि मऊ काट्यांची; तिच्या थैल्या रुईसारख्याच खाली लोंबतात. हिरणदोडीची फुलं हिरवी, गुच्छ लोंबते. तिच्या थैल्या उभ्या असतात. अनंतमूळ त्याहून निराळं, त्यात मेणासारख्या थैल्याच नाहीत, पराग सुटा, चमच्यासारख्या भागावर धरलेला. त्याचं फूल जेमतेम अर्धा सेंटिमीटर असल्याने इथे भिंगाशिवाय चालत नाही. पानाच्या मध्यशिरेवरचा पांढरा पट्टा पाहून अंदाज बांधावा. वासासाठी मूळ उपटू नये, वेल मरते. बागेतून निसटून नाल्याकाठी रुजलेलं हळदीकुंकू मूळचं अमेरिकेतलं. त्याच्या मुकुटाच्या प्रत्येक भागातून एक शिंग डोकावतं, ते भिंगात सुंदर दिसतं. नुसता पांढरा चीक पाहून मात्र काहीही ठरवू नका, वड आणि शेरही चीक देतात.

शनिवारी मारुतीला घालतात त्या माळेतलं एक पान भिंगाखाली धरून पाहा. पीठ भुरभुरल्यासारखा जो थर दिसतो तो गुंतलेल्या कापूसकेसांचा आहे, बोटाने पुसला की निघतो. पानाच्या खालच्या बाजूला एकटंच, उभ्या रेघांचं पांढुरकं अंडं असेल तर ते प्लेन टायगर फुलपाखराचं असण्याची शक्यता मोठी. अळीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असतात. पिवळा थर हलताना दिसला तर तो मावा.

आता चीक. रुईचा चीक डोळ्यात गेला की बुबुळाला सूज येते. फसवणारी बाब ही की पुष्कळदा दुखत नाही, फक्त धूसर दिसू लागतं, आणि माणूस संध्याकाळपर्यंत थांबतो. म्हणून डाव्या हाताने फूल आणि उजव्या हाताने भिंग हा नियम शेवटपर्यंत मोडू नये. फूल तोडण्यापेक्षा झाडाखाली सकाळी पडलेलं ताजं उचलावं, त्याला चीक फार कमी असतो. भिंगाच्या चौकटीला चीक लागला तर पाहणं तिथेच थांबवा. लिटरभर साधं पाणी सोबत असावंच. डोळ्यात गेलाच तर पंधरा-वीस मिनिटं पाण्याने धुवा आणि दुखत नसलं तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. घाम पुसायला वेगळा रुमाल ठेवा, हा सल्ला नागपूरच्या उन्हात सगळ्यात जास्त विसरला जातो.

काचेवर पडलेला चीक ओला असतानाच ओल्या सुती फडक्याने पुसावा. वाळला की रबरासारखा पापुद्रा धरतो आणि नखाने खरवडताना काचेवर ओरखडे येतात. तीन काचांचं भिंग स्पिरिटमध्ये बुडवू नये, चिकटवलेला थर सुटू शकतो.

मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर हेच भिंग टेकवून फोटो चांगले येतात, फक्त फुलावर स्वतःची सावली घ्यावी आणि उजेड कमी करावा, नाहीतर पांढरा मुकुट नुसता पांढरा डाग होतो. आत दिवा बसवलेली भिंगं पावसाळ्यात झाडीखाली उपयोगी पडतात, पण त्यांची बटण-बॅटरी लवकर उतरते. आणि कुठलंही घेतलं तरी त्याला लाल किंवा भगवी दोरी बांधा. काळं भिंग गवतात पडलं की सापडत नाही.