लेयर्ड की हेक्सागोनल? नव्या अ‍ॅप्लिकेशनची रचना ठरवताना

लेयर्ड (थरांची) आणि हेक्सागोनल, दोन्ही रचनांमध्ये कोडची वाटणी होतेच. खरा फरक एवढाच, की कोण कोणावर अवलंबून आहे.

लेयर्डमध्ये कंट्रोलर (विनंती घेणारा कोड) सर्व्हिसला (नियम असलेल्या कोडला) हाक मारतो, सर्व्हिस रिपॉझिटरीला (डेटा आणणाऱ्या-साठवणाऱ्या कोडला) आणि रिपॉझिटरी डेटाबेसला. बाण वरून खाली जातात, त्यामुळे व्यवसायाचे नियम डेटाबेसच्या थरावर टेकलेले असतात. अ‍ॅलिस्टर कॉकबर्न यांनी २००५ मध्ये मांडलेल्या हेक्सागोनल रचनेत हाच बाण उलटतो. ‘ऑर्डर साठवा’ हा इंटरफेस, म्हणजे पोर्ट, नियमांच्या पॅकेजमध्ये राहतो आणि एसक्यूएल लिहिणारा अ‍ॅडॅप्टर त्या इंटरफेसवर अवलंबून असतो. (थर म्हणजे वेगळा सर्व्हर नव्हे, दोन्ही रचना एकाच प्रोसेसमध्ये चालतात.)

‘आमच्याकडेही रिपॉझिटरीचा इंटरफेस आहे’ असं लेयर्डवाले म्हणतात. तो कुठल्या पॅकेजमध्ये आहे आणि काय परत देतो ते बघा. डेटाच्या पॅकेजमध्ये असेल आणि ओआरएमची (टेबल आणि ऑब्जेक्ट जोडणाऱ्या लायब्ररीची) एंटिटी, म्हणजे टेबलमधल्या ओळीचं ऑब्जेक्ट, परत देत असेल, तर काहीच उलटलेलं नाही.

लेयर्ड बिघडते ती दोन ठिकाणी. एक, सर्व्हिसमधल्या बहुतेक मेथड फक्त रिपॉझिटरीची मेथड बोलावून उत्तर वर ढकलतात. पाचातली एखादी अशी असेल तर चालतं. पाचातल्या चार असतील तर तो थर नावापुरता आहे. दुसरी अडचण जास्त महागात पडते: एंटिटी थेट जेसनमध्ये, म्हणजे एपीआयच्या उत्तरात, जाते. ५० ऑर्डरची यादी मागितली, की लेझी लोडिंगमुळे (तपशील लागेल तेव्हाच आणण्याच्या पद्धतीमुळे) प्रत्येकीच्या तपशिलासाठी वेगळी क्वेरी सुटते आणि एकूण ५१ होतात. शिवाय एंटिटीतल्या फील्डचं नाव बदललं, की एपीआयही बदलतो.

हेक्सागोनलचा खर्च रोजचा आहे. एक फील्ड वाढवायचं तर टेबल, एंटिटी आणि डीटीओ (एपीआयमधून पाठवायचं ऑब्जेक्ट) यांच्या जोडीला डोमेन ऑब्जेक्ट (नियम वापरतात ते) आणि मॅपरही (एकाचं दुसऱ्यात रूपांतर करणारा कोड) बदलावे लागतात. मॅपरमध्ये एखादं फील्ड राहून गेलं तर कंपायलर बहुधा गप्प बसतो आणि डेटाबेसमध्ये मुकाट्याने नल जातो. बदल्यात मिळतं ते असं: नियमांच्या टेस्ट डेटाबेस आणि फ्रेमवर्कशिवाय चालतात.

फॉर्म, याद्या आणि अहवाल एवढंच असेल तर लेयर्ड घ्या, बिनधास्त. तेच नियम एचटीटीपी, मेसेज क्यू आणि रात्रीचा जॉब अशा तीन वाटांनी चालणार असतील, किंवा पेमेंट गेटवे बदलण्याची शक्यता असेल, तर हेक्सागोनलचा खर्च वसूल होतो.

आमचा कल मधल्या वाटेकडे आहे. लेयर्डने सुरुवात करा आणि जिथे नियम गुंतागुंतीचे आहेत त्याच मॉड्यूलची डेटाबेसकडची सीमा उलटवा. जावा असेल तर ‘डोमेन पॅकेजने डेटाचं पॅकेज इम्पोर्ट करू नये’ ही अट आर्चयुनिटच्या (कोणतं पॅकेज कोणावर अवलंबून आहे ते तपासणाऱ्या लायब्ररीच्या) टेस्टमध्ये लिहून बिल्डला जोडा. कोड रिव्ह्यूवर विसंबलात तर घाईच्या रिलीजमध्ये एक इम्पोर्ट घुसतो आणि मग तो कोणी काढत नाही.